संगणकातील सरकारी दप्तर आणि त्याची राखण

(ऊस विकास विभागाकडून)



एरवी या पानावर आपण लागणीचे, खोडव्याचे, खताच्या मात्रांचे बोलतो. या अंकात थोडे वेगळे लिहीत आहे. ऊस नोंदीच्या वेळी तीन-चार गावांतल्या गट सभांत एकच प्रश्न निघाला. सरकारची संकेतस्थळेच चोरटे फोडतात म्हणतात, मग आमचा सातबारा, आमची ई-पीक पाहणी, आमचा शेतकरी ओळख क्रमांक हे सगळे त्या संगणकात नीट राहील कशावरून? प्रश्न रास्त आहे. पूर्वी दप्तर तलाठ्याच्या लाल फडक्यात बांधलेलं असायचं. ते जळेल, भिजेल, वाळवी लागेल अशी धास्ती असायची, पण निदान डोळ्यांना दिसायचं तरी. आता ते कुठे आहे हेच कळत नाही, मग राखण कोण करतो ते कसे कळणार?

उत्तर देताना उदाहरणे मुद्दाम ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातली घेतली आहेत. आपल्या कार्यक्षेत्रातील बहुतेक गावांची चार-दोन घरे तिकडे आहेत. कुणाचा मुलगा वागळे इस्टेटमध्ये कामाला, कुणाची लेक डोंबिवलीत दिलेली, कुणी उसाच्या बिलातून पैसे साठवून कल्याणला जागा घेतलेली. शिवाय कल्याण-डोंबिवली महापालिकेने कामकाज संगणकावर नेण्यात राज्यात आघाडी घेतली होती. नागरिकाने एकाच खिडकीवर अर्ज द्यावा आणि कामाचा माग संगणकावर काढता यावा, ही तिथली पद्धत नंतर राज्यातील इतर पालिकांनीही उचलली. नव्या वाटेने जो आधी जातो त्याला खाचखळगेही आधी लागतात. तेव्हा या पट्ट्यात काय काय घडले ते पाहिले तर पुष्कळ उमगते.

चावडीचा फळा आणि चावडीतले दप्तर

१४ जून २०२२ रोजी ठाणे पोलीस आयुक्तालयाचे संकेतस्थळ उघडणाऱ्यांना नेहमीच्या पानाऐवजी भलताच मजकूर दिसला. त्या दिवसांत पैगंबरांविषयीच्या एका वक्तव्यावरून वादंग चालू होते, आणि भारत सरकारने जगभरच्या मुसलमानांची माफी मागावी अशी मागणी त्या पानावर झळकत होती. पोलिसांचेच पान दुसऱ्याने रंगवले म्हटल्यावर गवगवा व्हायचाच. पान पूर्ववत झाले, पण बातमी व्हायची ती झालीच.

पुढे मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या सुमारास, कल्याणच्या पुढे असलेल्या बदलापूरची पाळी आली. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचे संकेतस्थळ असेच विद्रूप करण्यात आले. राज्याच्या सायबर विभागाने त्या वेळी दिलेल्या अहवालात देशभरातील सुमारे १५ लाख हल्ल्यांची गणती होती. त्यांतले यशस्वी झाले ते अवघे दीडशे, म्हणजे दहा हजारांत एक. त्या एकात एका नगरपरिषदेचे नाव आले. मोठ्या दरवाज्यांवर पहारा कडक असतो, तेव्हा हल्लेखोर गावकुसाच्या पडक्या भिंतीकडे वळतो.

पण इथे एक फरक समजून घ्या. संकेतस्थळाचे दर्शनी पान म्हणजे चावडीबाहेरचा फळा. रात्री कुणी येऊन फळ्यावर वेडेवाकडे खरडून गेला तर गावाची शोभा होते, पण आतल्या कपाटातले दप्तर तेवढ्याने चोरीला जात नाही. नीट बांधणीच्या सरकारी सेवेत फळा एका यंत्रावर आणि दप्तर दुसऱ्यावर ठेवतात, मध्ये भिंत घालतात. त्यामुळे अमुक कार्यालयाचे संकेतस्थळ हॅक झाले अशी बातमी आली की पहिला प्रश्न हाच विचारायचा: फळा खरडला, की कपाट फोडले? दोन्हीला एकच शब्द वापरतात म्हणून माणसे विनाकारण घाबरतात, नाही तर विनाकारण निर्धास्त राहतात. अर्थात, फळ्यापर्यंत पोचलेल्याला आतल्या खोलीची कडी उघडी सापडली तर तो आत जाणारच. म्हणून फळा खरडला गेला तरी तो हसण्यावारी नेण्याचा विषय नाही.

आणखी एक प्रकार असतो, त्यात फळाही रंगवत नाहीत आणि कपाटही फोडत नाहीत. समजा, आपल्या कारखान्याच्या यार्डात एका रात्रीत पाच हजार खोट्या बैलगाड्या आणून उभ्या केल्या. त्यांत ऊस नाही, नंबर नाही, गाडीवानाचाही पत्ता नाही. पण रस्ता अडला. खरा उसाचा ट्रॅक्टर वजनकाट्यापर्यंत पोचूच शकत नाही. यंत्रे शाबूत, गव्हाण रिकामी, गाळप बंद. संगणकाच्या जगात हे काम हजारो कुठल्या कुठल्या यंत्रांकडून एकाच वेळी खोट्या विनंत्या धाडून करतात. त्याला उपाय म्हणजे यार्डाच्या कितीतरी अलीकडे, फाट्यावरच, नंबर नसलेली गाडी वळवणारा माणूस बसवणे. मोठ्या सरकारी सेवांना अशी व्यवस्था असते, लहान नगरपरिषदांना बहुधा नसते.

रविवारी पहाटे अडीच वाजता

आता कपाट फोडल्याचे उदाहरण. हे जरा सविस्तर सांगतो, कारण यात शिकण्यासारखे जास्त आहे.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपण ज्याला एमआयडीसी म्हणतो ते, ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून डोंबिवलीच्या कारखानदारीपर्यंत सगळ्या औद्योगिक वसाहती चालवते. तिथल्या उद्योजकांची माहिती, भूखंडांची कामे, अर्ज, परवानग्या संगणकावर असतात. २१ मार्च २०२१, रविवार, पहाटे अडीचच्या सुमारास महामंडळाच्या यंत्रणेने आपोआप इशारा दिला की कामे बंद पडली आहेत. दिवसभर तपासल्यावर कळले की बाहेरून हल्ला झाला आहे. मुख्यालयातील सर्व्हरवरची माहिती आणि ठिकठिकाणच्या कार्यालयांतील काही संगणक एका प्रोग्रामने कुलूपबंद करून टाकले होते. राज्यातील सोळा प्रादेशिक कार्यालयांचे काम अडले.

या जातीच्या प्रोग्रामला रॅन्समवेअर म्हणतात. आपण खंडणीखोर प्रोग्राम म्हणू. तो दप्तर पळवून नेतोच असे नाही. ते जागच्या जागीच अशा लिपीत बदलून टाकतो की किल्लीवाचून एक अक्षर वाचता येत नाही. मग पडद्यावर चिठ्ठी येते: किल्ली पाहिजे तर पैसे द्या. पाचशे कोटी रुपये मागितले अशा बातम्या तेव्हा सुटल्या. महामंडळाने मात्र सांगितले की चिठ्ठीत रकमेचा आकडा नाही, संपर्क कसा साधायचा एवढेच आहे. पेठेत आकडा नेहमी फुगतो, हे उसाच्या दराच्या बातम्या वाचणाऱ्यांना सांगायला नकोच.

महामंडळाकडे विषाणूरोधक प्रोग्राम होता, परवाना घेतलेला होता. तरीही हे झाले. मग वाचवले कशाने? महामंडळाच्या निवेदनात एक ओळ होती, ती माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची. दप्तराच्या राखीव प्रती, ज्यांना बॅकअप म्हणतात, त्या वेगळ्या जाळ्यावर ठेवलेल्या होत्या आणि त्यांना लागण झाली नव्हती.

हे आपल्याला चटकन समजेल, कारण आपण बेणेमळा का ठेवतो? चालू पिकातलेच बेणे तोडून लावले आणि त्या पिकात काणी किंवा गवताळ वाढ असली, तर रोग पुढच्या लागणीत जातो आणि हातात काहीच उरत नाही. म्हणून बेणे वेगळ्या रानात, वेगळ्या देखरेखीखाली वाढवायचे. संगणकाच्या राखीव प्रतीचे अगदी हेच आहे. त्याच खोलीत, त्याच तारेला जोडून ठेवलेली प्रत ही प्रतच नव्हे. मूळ दप्तराला कुलूप लागले की त्याच मिनिटाला तिलाही लागते. जाणकार मंडळींचा साधा ठोकताळा असा, की दप्तराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक तरी दुसऱ्या गावी, तारेला न जोडलेली असावी.

त्यात माझी एक भर. बेण्याची उगवण तपासल्याशिवाय आपण एकरभर लागण करत नाही. राखीव प्रतीचीही उगवण तपासली पाहिजे. म्हणजे वर्षातून दोन-तीनदा ती प्रत काढून रिकाम्या संगणकावर दप्तर खरोखर उभे राहते का ते पाहायचे. हे काम कुणाला नको असते. त्याचे उद्घाटन होत नाही, फोटो येत नाही. ठिबकला अनुदान मिळते म्हणून संच बसवायचा आणि पुढे तीन वर्षे फिल्टर उघडून बघायचा नाही, अशातला तो प्रकार. नवीन सेवा सुरू करायला पैसा मंजूर होतो, जुनीच्या डागडुजीला होत नाही, हे माझे मत आहे आणि ते फक्त संगणकापुरते नाही.

अशा हल्ल्यात कार्यालयाची पंचाईत होते ती होते, पण माणसाची कशी होते ते दिल्लीच्या एम्स रुग्णालयात दिसले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथल्या पाच सर्व्हरना असेच कुलूप लागले आणि जवळजवळ दोन आठवडे केसपेपर, तपासण्या, दाखले सगळे हाताने लिहून चालवावे लागले. रांगा वाढल्या, पण दवाखाना बंद पडला नाही, कारण कागदावर काम करणे माणसे विसरली नव्हती. म्हणून मी म्हणतो की कोणतीही सेवा पूर्ण संगणकावर नेली तरी कागदाची एक आडवाट बुजवू नये. संगणक बसला म्हणून काट्यावर उसाची गाडी रात्रभर उभी करायची नसते, हाती पावती फाडायची असते.

डागडुजीचे आणखी एक अंग म्हणजे प्रोग्राम वेळच्या वेळी दुरुस्त करणे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांनाही त्याची झळ लागली. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती दोनच महिने आधी, मार्च २०१७ मध्ये, फुकट मिळत होती. ज्यांनी ती करून घेतली ते वाचले. बेणे प्रक्रिया लागणीआधी करायची असते. काणीचा पट्टा बाहेर पडल्यावर बेणे बुडवून काय उपयोग?

वीज गेली त्या दिवशी

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, कल्याण, डोंबिवली या सगळ्या भागाची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाचे दिवस होते, दवाखान्यांचा घोर होता. कळवा-पडघा या ४०० केव्हीच्या वाहिनीवर काम चालू असताना एका सर्किटचा भार दुसऱ्यावर होता आणि त्यात बिघाड झाला, असे तेव्हाच्या राज्याच्या ऊर्जामंत्र्यांनी सांगितले. कळवा ठाण्यातच आणि पडघा भिवंडी तालुक्यात, म्हणजे घटना याच पट्ट्यातली.

पण गोष्ट तिथे संपली नाही. १ मार्च २०२१ रोजी राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी सायबर विभागाचा प्राथमिक अहवाल पुढे ठेवला. वीज मंडळाच्या यंत्रणेत चौदा घातक प्रोग्राम सोडले गेले असावेत आणि बाहेरून आठ जीबी माहिती आत आली असावी, असा संशय त्यात होता. केंद्राच्या ऊर्जामंत्र्यांचे म्हणणे वेगळे पडले. वीज गेली ती माणसाच्या चुकीमुळे, तिचा सायबर हल्ल्याशी संबंध नाही, असे ते म्हणाले.

कोण बरोबर, हा निवाडा या पानावर करण्याचा विषय नाही. मला त्यातून वेगळेच सुचते. यंत्र बंद पडले तेव्हा आत कोण आला होता, किती वाजता आला, काय हलवून गेला, याची नोंद असली तरच वाद मिटतो. वजनकाट्यावर तक्रार आली की आपण काय करतो? गेटबुक काढतो, काट्याची नोंद काढतो, वेळ ताडून पाहतो. नोंद नसेल तर ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे. संगणकातही असे गेटबुक असते. प्रत्येक येणेजाणे त्यात आपोआप लिहिले जाते, पण जागा वाचवायला म्हणून ते लवकर पुसून टाकतात.

देशात अशा घटनांवर लक्ष ठेवणारी सर्ट-इन नावाची केंद्र सरकारची संस्था २००४ पासून काम करते. तिने २८ एप्रिल २०२२ रोजी हुकूम काढला, की हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवायचे आणि हे गेटबुक १८० दिवस जपून ठेवायचे. सरकारी असो, खाजगी असो, सर्वांना. हुकूम चांगला आहे. पूर्वी कार्यालये लाजेकाजे लपवून ठेवत. एका शेतात लोकरी मावा दिसला आणि शेतकऱ्याने सांगितले नाही, तर चार दिवसांत शिवारभर होतो. कळवले तर शेजारचे तरी सावध होतात. राज्याच्या सायबर विभागाचे मोठे केंद्र आता नवी मुंबईत महापे इथे, म्हणजे ठाणे जिल्ह्यातच, उभे राहिले आहे.

किल्ली कोणाच्या हातात

आतापर्यंत बाहेरून येणाऱ्या चोराचे सांगितले. पण माझ्या समजुतीप्रमाणे सरकारी दप्तराला त्याच्यापेक्षा मोठा धोका किल्लीचा आहे.

कार्यालयात साहेबांचा परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, कारकुनाला माहीत असतो. कारकून रजेवर गेला की रोजंदारीवरच्या ऑपरेटरला सांगितला जातो. कधी तो कागदावर लिहून पडद्यालाच चिकटवलेला असतो. कामाचा खोळंबा होऊ नये एवढाच हेतू, वाईट काही नसते. पण संगणकाला माणूस दिसत नाही, किल्ली दिसते. साहेबांच्या किल्लीने जो आला तो साहेबच.

याचे परिणाम केवढे होतात ते २०२५ च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यात दिसले. आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी ग्रामपंचायतीच्या नावाने जन्माच्या सत्तावीस हजारांवर नोंदी संगणकात चढलेल्या निघाल्या. गावची वस्ती दीड हजाराच्या आसपास! दूरवरच्या माणसांनी ग्रामपंचायतीची किल्ली वापरून दाखले काढले, असा हा प्रकार. दप्तर फोडायची गरजच पडली नाही. दरवाजा किल्लीने उघडला आणि आत बसून सावकाश लिहीत राहिले.

उपाय जुनाच आहे. जिल्हा बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची, एक आपली. तसे सरकारी कामात नुसत्या परवलीच्या शब्दावर दार उघडू नये. त्याबरोबर अधिकाऱ्याच्या फोनवरचा आकडा, बोटाचा ठसा किंवा त्याच्या नावची डिजिटल सहीची चावी लागली पाहिजे. बदली झाली की त्याच दिवशी जुनी किल्ली रद्द झाली पाहिजे. आणि दिवसाला दोन नोंदी होणाऱ्या गावात एका रात्रीत पाचशे झाल्या, तर कुठेतरी घंटा वाजली पाहिजे. एका एकरातून तीनशे टन ऊस आला तर आमचा स्लिप बॉयसुद्धा थांबून विचारतो. मग एवढ्या मोठ्या यंत्रणेने विचारू नये?

डोंबिवलीच्या पासष्ट इमारती

आता ज्या उदाहरणाने अनेक घरांची झोप उडवली ते सांगतो. यात एकही संगणक कुणी फोडला नाही, तरीही सरकारच्या डिजिटल सेवेचा वापर करून लोकांना लुबाडले गेले.

घर बांधून विकणाऱ्याने महारेराकडे प्रकल्पाची नोंदणी करावी लागते, आणि ती संगणकावरून होते. नोंदणीसाठी महापालिकेची बांधकाम परवानगी जोडायची असते. डोंबिवली परिसरात काही जणांनी कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नावाच्या बनावट परवानग्या तयार केल्या, खोट्या सह्या-शिक्क्यांसह, आणि त्या महारेराच्या संकेतस्थळावर चढवल्या. तिकडून नोंदणी क्रमांक मिळाला. क्रमांक खरा, सरकारी. तो जाहिरातीत छापला. लोकांनी क्रमांक पाहिला, संकेतस्थळावर ताडला, बरोबर निघाला. बँकांनी कर्जे दिली. माणसे राहायला गेली. अशा पासष्ट इमारती निघाल्या.

२०२२ मध्ये गुन्हे दाखल झाले, विशेष तपास पथक नेमले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या बेकायदा इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. हप्ते चालू, मुले तिथल्या शाळेत, आणि दारावर नोटीस. पुढे २०२५ मध्ये रहिवाशांना दिलासा देण्याचे आश्वासन मुख्यमंत्र्यांनी दिले. पण ज्याने आयुष्याची पुंजी घातली त्याचे मधले दिवस कसे गेले असतील ते सांगायला नको.

चूक कुठे झाली? एका सरकारी संगणकाने दुसऱ्या सरकारी संगणकाला विचारलेच नाही. परवानगी महापालिकेची, पण ती खरी की खोटी हे महापालिकेला न विचारता, अर्जदाराने आणून दिलेल्या कागदावर विश्वास ठेवला. आपण ऊस नोंदीला सातबारा मागतो, तेव्हा कुणी नातेवाइकाचा गट नंबर घालून आणलेला उतारा गट सहायक तलाठ्याच्या नोंदीशी ताडतो ना? तेवढीच गोष्ट. २०२३ मध्ये महारेराने परवानग्या थेट स्थानिक संस्थेकडून पडताळून घेण्याची पद्धत सुरू केली. ती आधी असती तर हे घडतेना.

राखण म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर भिंत, कुलूप, पहारेकरी येतो. पण खोटा कागद दारातून सन्मानाने आत घेतला तर भिंतीचा उपयोग काय? दोन खात्यांची दप्तरे एकमेकांशी बोलतील अशी जोडणी करणे आणि प्रत्येक दाखल्यावर पडताळणीची खूण ठेवणे, हाही राखणीचाच भाग आहे. आपल्या डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर अशी खूण आहे. उताऱ्यावर सोळा आकडी पडताळणी क्रमांक आणि चौकोनी कोड असतो. तो क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ उतारा समोर येतो. हातातला कागद आणि समोरचा उतारा जुळला नाही तर कागद खोटा. जमीन घेताना, वाटणी करताना, जामीन राहताना हे पाच मिनिटांचे काम कुणी करत नाही, आणि मग वकिलाकडे पाच वर्षे जातात.

ज्यांना तिकडे घर घ्यायचे आहे त्यांनी महारेराचा क्रमांक पाहावाच, पण त्यावर थांबू नये. परवानगीचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्यावी, महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जाऊन विचारावे, आणि मगच विसार द्यावा. एक दिवसाची रजा आणि लोकलचे तिकीट एवढाच खर्च आहे.

आपल्या अंगणात

आपल्या हातातला फोन हाही सरकारी सेवेचा एक दरवाजा झाला आहे. सध्या चोरट्यांचा आवडता मार्ग असा. फोनवर 'पीएम किसान' किंवा गाडीच्या दंडाची पावती अशा नावाची एक फाईल येते, तिच्या शेवटी 'एपीके' अशी तीन अक्षरे असतात. ओळखीच्या माणसाकडूनच आलेली असते, कारण त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. ती उघडून बसवली की फोनमध्ये आलेले सगळे संदेश, बँकेच्या ओटीपीसकट, चोराला वाचता येतात. पीएम किसानचा हप्ता मिळवायला अशी कुठलीही फाईल लागत नाही. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' किंवा 'निक डॉट इन' असते, तेवढे पाहून घ्यावे. आपला कारखाना ऊस बिलासाठी कुणालाही लिंक पाठवत नाही किंवा ओटीपी विचारत नाही. बिल पूर्वीसारखेच तुमच्या बँक खात्यात जमा होते.

सेवा केंद्रात शेतकरी ओळख क्रमांक किंवा केवायसी करताना अंगठा आपल्यासमोर, एका कामाला एकदाच द्यावा. 'मशीन घेत नाही, परत लावा' असे तीन-तीनदा झाले तर कशासाठी लावतो ते पडद्यावर बघून घ्यावे. म्हातारी माणसे संकोचाने विचारत नाहीत. त्यांच्याबरोबर घरातले कोणी तरी जावे.

पैसे गेलेच तर आधी १९३० या क्रमांकावर फोन लावायचा. पोलीस ठाणे, सरपंच, चेअरमन हे नंतर. पहिल्या काही तासांत पैसे या खात्यातून त्या खात्यात फिरत असतात, तेवढ्यात कळवले तर ते अडवता येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कळवले तर ते कुठल्या तरी यंत्रातून काढलेले असतात. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ हाताशी ठेवावी. आलेले संदेश पुसू नयेत, तेच आपले गेटबुक.

ज्यांना सातबाऱ्यावरचा पडताळणी क्रमांक कसा तपासतात ते बघायचे असेल, त्यांनी ऊस नोंदीला येताना डिजिटल सहीचा छापील उतारा बरोबर आणावा. गट कार्यालयातील संगणकावर तुमच्यासमोर तपासून दाखवण्याची सोय केली आहे.

— ऊस विकास अधिकारी